पाव टक्का, चौदा कोटी डॉलर आणि शंभर काउंट्या

२०२४ या केंद्रीय आर्थिक वर्षात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने गरिबांना जे अन्नसाहाय्य दिले, त्यातली १०.२१ टक्के रक्कम तपासणीत चुकीची ठरली. त्या वर्षीचा देशाचा आकडा होता १०.९३. म्हणजे हे राज्य सरासरीपेक्षा थोडे बरेच, आणि एरवी या आकड्याकडे राजधानी रॅलीतल्या दोन-चार अधिकाऱ्यांखेरीज कोणी ढुंकूनही पाहिले नसते. पण ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी कर आणि खर्चाच्या महाविधेयकावर सही केली, आणि दशांश चिन्हापुढच्या त्या २१ ला एकदम भाव आला.

नव्या कायद्याचा नियम असा. चुकीचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत असेल, तर मदतीच्या रकमेतला एक छदामही राज्याने द्यायचा नाही. ६ ते ८ असेल तर ५ टक्के, ८ ते १० असेल तर १० टक्के, आणि १० गाठले की १५ टक्के राज्याने आपल्या खिशातून भरायचे. नॉर्थ कॅरोलायनात या योजनेतून वर्षाला साधारण २८० कोटी डॉलर वाटले जातात. त्याचे १० टक्के म्हणजे २८ कोटी, १५ टक्के म्हणजे ४२ कोटी. मधला १४ कोटी डॉलरचा फरक पडतो तो पाव टक्क्याहूनही कमी असलेल्या त्या जास्तीच्या चुकीमुळे. आणि ही चूक मोजतात ती वर्षभरातल्या हजारेक प्रकरणांच्या नमुन्यावरून. नमुन्यावरून काढलेल्या आकड्यात पाव टक्क्याची कमी-जास्त व्हायचीच, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

केंद्राने खर्चाला कात्री लावली की राज्यांचे आणि स्थानिक संस्थांचे काय होते, ही चर्चा बहुतेक वेळा अवाढव्य आकड्यांत होते. या एका कायद्याने अन्नसाहाय्यावरचा केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे १८७ अब्ज डॉलरने कमी होईल, असा अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. हा आकडा वाचून डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. म्हणून एक राज्य, एक योजना आणि शेवटी एका काउंटी कचेरीतले एक टेबल, इतकेच घेऊन पाहू.

जुनी वाटणी

योजनेचे राष्ट्रीय नाव स्नॅप, लोकांच्या तोंडी अजूनही 'फूड स्टॅम्प'. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी कागदांवर तिला 'फूड अँड न्यूट्रिशन सर्व्हिसेस' म्हणतात. राज्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास, लाभार्थी सुमारे १४ लाख. आठातला एक माणूस. यात मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत, आणि दुकानात किंवा हॉटेलात तासांवर राबूनही महिनाअखेर न पुरणारे असंख्य लोक आहेत.

१९६४ च्या फूड स्टॅम्प कायद्यातून एक वाटणी ठरत गेली. लोकांच्या कार्डावर जी रक्कम जमा होते, ती सगळी केंद्राची. ती वाटण्यासाठी लागणारी माणसे, कचेऱ्या, संगणक यांचा खर्च १९७० च्या दशकापासून निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. त्यानंतर नियम शेकडो वेळा बदलले, ही वाटणी टिकली. २०२५ च्या कायद्याने तिची दोन्ही टोके हलवली. १ ऑक्टोबर २०२६ पासून प्रशासकीय खर्चातला केंद्राचा वाटा ५० वरून २५ टक्के. आणि १ ऑक्टोबर २०२७ पासून मदतीच्या रकमेतही, चुकीच्या प्रमाणानुसार, राज्याची भर.

इथपर्यंतची गोष्ट थोड्याफार फरकाने सगळ्याच राज्यांची. नॉर्थ कॅरोलायनाची गोष्ट वेगळी होते ती पुढच्या पायरीवर. बहुतेक राज्यांत ही योजना राज्य सरकारचे कर्मचारी चालवतात. दहा राज्यांत ती काउंट्या चालवतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, व्हर्जिनिया ही त्यातली काही. नॉर्थ कॅरोलायनाही त्यातच. आणि इथे काउंटी कचेरीतल्या प्रशासकीय खर्चाचा केंद्राव्यतिरिक्तचा वाटा काउंटी स्वतःच्या तिजोरीतून भरते. म्हणजे वॉशिंग्टनने ५० चे २५ केले, तेव्हा तो भार रॅलीला न शिवता थेट शंभर काउंट्यांच्या अंगावर जाऊन पडला.

काउंटी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकासाठी सांगायला हवे. आकाराने बरेचदा तालुक्याएवढी, अधिकाराने जिल्हा परिषदेपेक्षा वरचढ. निवडून आलेले पाच-सात कमिशनर असतात. शेरीफचा पगार, तुरुंग, शाळांच्या इमारती, वाचनालय, सामाजिक सेवा विभाग हे सगळे ते चालवतात. उत्पन्न मुख्यतः मालमत्ता कराचे आणि विक्रीकरातल्या वाट्याचे. प्राप्तिकर लावण्याचा अधिकार नाही. वर्ष सुरू होते १ जुलैला, आणि त्याआधी जमाखर्च जुळलेला अर्थसंकल्प मंजूर करण्याचे कायद्याने बंधन. केंद्र सरकार तूट सोसून कर्ज काढत राहू शकते. राज्याला राज्यघटनेने समतोल अर्थसंकल्पाची सक्ती आहे. काउंटीला तर उसासा टाकायलाही जागा नाही.

या शंभरात कमालीची तफावत आहे. रॅली शहर जिच्यात येते ती वेक काउंटी आणि शार्लट शहराची मेक्लेनबर्ग, दोन्हींची लोकसंख्या अकरा लाखांच्या वर. पूर्व किनाऱ्याकडच्या टिरेल काउंटीत साडेतीन हजार माणसेही नाहीत. राज्याचे वाणिज्य खाते दरवर्षी काउंट्यांच्या तीन पायऱ्या लावते: सर्वांत हलाखीच्या ४०, मधल्या ४० आणि बऱ्या स्थितीतल्या २०. तंबाखू आणि कापड गिरण्या गेल्यावर पूर्वेकडच्या ज्या काउंट्या मागे पडल्या त्या मागेच राहिल्या. तिथे लाभार्थींचे प्रमाण जास्त, म्हणून कामही जास्त, म्हणून प्रशासकीय खर्चही लोकसंख्येच्या मानाने जास्त. कर लावण्याजोगी मालमत्ता मात्र सर्वांत कमी.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, रीत खरी आहे. समजा एका काउंटीचा या योजनेवरचा वर्षाचा प्रशासकीय खर्च २० लाख डॉलर आहे. आजवर तिचा वाटा १० लाख. नव्या नियमाने १५ लाख. काउंटीतल्या सगळ्या मालमत्तेचे करपात्र मूल्य २०० कोटी डॉलर धरले, तर दर शंभर डॉलरमागे एक सेंट कर वाढवून २ लाख मिळतात. जास्तीचे ५ लाख उभे करायला अडीच सेंट वाढवावे लागतील. दोन लाख डॉलरच्या घराला वर्षाला ५० डॉलर. रक्कम मोठी नाही असे कोणी म्हणेल. पण तिथे अर्ध्या सेंटावरून निवडणुका हरल्या-जिंकल्या जातात, आणि त्या ५० डॉलरच्या बदल्यात करदात्याला नवे काहीच मिळत नाही. शाळा नाही, रस्ता नाही. काल जे काम होत होते तेच उद्या होणार, फक्त पावती बदलली. वेक काउंटीसाठी मात्र एक सेंट म्हणजे कितीतरी मोठी रक्कम. तिला हाच भार सेंटाच्या अंशात उचलता येतो. तिच्यातल्या केरी आणि मॉरिसव्हिल भागात मराठी कुटुंबे बरीच आहेत, सॉफ्टवेअर आणि औषध कंपन्यांत नोकरीला असलेली. त्यांच्यापैकी या योजनेचा लाभ घेणारे विरळाच, पण मालमत्ता कराचे बिल सगळ्यांनाच येते, आणि त्या बिलावर 'वॉशिंग्टनने सोडलेला वाटा' असा रकाना नसतो.

दोनाने गुणायचे की २.१५ ने

आता त्या टेबलापाशी जाऊ. चूक म्हणजे फसवणूक, असा समज वॉशिंग्टनमधल्या भाषणांनी करून दिला आहे. प्रत्यक्षात बहुतेक चुका अशा होतात.

तीन माणसांचे कुटुंब. आई एका दुकानात कामाला, पगार दर दोन आठवड्यांनी ११०० डॉलर. घरभाडे आणि वीज-पाणी मिळून महिना १००० डॉलर. केसवर्करने, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या काउंटीच्या कर्मचाऱ्याने, पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि महिन्याचे उत्पन्न लिहिले २२००. दोन आठवड्यांचा पगार, महिन्यात दोनदा. कोणीही हेच करील. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नव्हे, म्हणून नियम सांगतो की पाक्षिक पगाराला २.१५ ने गुणावे. खरे उत्पन्न २३६५.

पुढचे गणित २०२५ च्या दरांनी. कमाईतून आधी २० टक्के वजा, मग २०४ डॉलरची सरसकट वजावट, मग उरलेल्याच्या निम्म्याहून जेवढा जास्त खर्च घरावर होतो तेवढी वजावट; जे उरते त्याचे ३० टक्के कुटुंबाने स्वतः अन्नावर खर्च करावेत असे गृहीत धरून ते तिघांसाठीच्या कमाल ७६८ डॉलरमधून वजा करायचे. २२०० धरले तर मदत येते ३६७ डॉलर. २३६५ धरले तर ३०८. फरक ५९ डॉलर.

त्या वर्षी चूक म्हणून मोजण्याची मर्यादा होती ५७ डॉलर. ५७ पर्यंतचा फरक तपासनीस सोडून देतात. ५८ झाला की पूर्ण रक्कम चुकीच्या खात्यात. हे प्रकरण नमुन्यात निघाले तर पूर्ण ५९ डॉलर राज्याच्या नावे चूक म्हणून लागतात. त्या बाईने काहीही लपवलेले नाही. तिने दिलेल्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत. आणि हेच कुटुंब पंधरवड्याला १००० डॉलर कमावत असते, तर नेमक्या याच चुकीने ५४ डॉलरचा फरक पडला असता आणि कोणाच्या खिजगणतीतही आला नसता.

मोजणीत कमी दिलेली रक्कमही चूकच. २०२४ च्या १०.९३ टक्क्यांत ९.२६ टक्के जास्तीचे आणि १.६७ टक्के कमी दिलेले. म्हणजे या आकड्यात गरिबाचे बुडालेले पैसेही आहेत, जे भाषणांत कधीच येत नाहीत.

एकेका केसवर्करकडे शेकडो कुटुंबे असतात. पगार कमी, कामाचा ताण मोठा, त्यामुळे माणसे टिकत नाहीत. नवा माणूस शिकून तयार होतो तोवर जुना निघून जातो. संगणकावर आहे 'एनसी फास्ट' ही प्रणाली. २०१३ मध्ये ती आली तेव्हा हजारो अर्ज तुंबले, केंद्रीय कृषी खात्याने २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंतची मुदत घालून प्रशासकीय निधी रोखण्याची तंबी दिली आणि कचेऱ्यांनी जादा वेळ बसून ढीग उपसला. म्हणजे माणसे कमी पडली की काय होते, याचा या राज्याला चांगलाच अनुभव आहे.

आणि आता त्याच टेबलावर नवे नियम. कामाची अट पूर्वी ५४ वर्षांपर्यंतच्या सडाफटिंगांना होती; ती ६४ पर्यंत नेली, चौदा वर्षांवरच्या मुलांच्या आईवडिलांनाही लावली. माजी सैनिक, बेघर आणि अनाथालयांतून किंवा पालक-कुटुंबांतून बाहेर पडलेले तरुण यांना २०२३ मध्ये दिलेली सूट काढून घेतली. निर्वासितांची पात्रता गेली. यातला प्रत्येक बदल म्हणजे नवा अर्ज, नवा कागद, नवी तपासणी, म्हणजेच चुकायला नवी जागा. काम वाढवले, कामाचे पैसे निम्म्यावर आणले आणि चुकीला दंड लावला, हे तिन्ही एकाच कायद्यात. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे, ते हेच.

घोडे एकटेही नाही. मेडिकेड या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेची पात्रताही याच काउंटी कचेऱ्या तपासतात, पुष्कळदा तीच माणसे. नॉर्थ कॅरोलायनाने मेडिकेडचा विस्तार केला, म्हणजे उत्पन्नाची मर्यादा वाढवून आणखी लोकांना तिच्यात घेतले, ते १ डिसेंबर २०२३ ला, बाकीच्या अनेक राज्यांनंतर दहा वर्षांनी, आणि दोन वर्षांच्या आत साडेसहा लाखांहून अधिक लोक त्यात आले. या विस्ताराचा ९० टक्के खर्च केंद्राचा, उरलेला १० टक्के रुग्णालयांवरच्या आकारणीतून. राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीला तोशीस नाही, असे राज्याच्या कायद्यात मुद्दाम लिहिलेले. केंद्राचा वाटा ९० च्या खाली गेला तर विस्तार आपोआप बंद, हेही लिहिलेले. नव्या केंद्रीय कायद्याने ९० ला हात लावला नाही. पण विस्तार केलेल्या राज्यांत अशा आकारणीची कमाल मर्यादा २०२८ पासून टप्प्याटप्प्याने ६ टक्क्यांवरून साडेतीनवर आणायची ठरवले, आणि २०२७ च्या सुरुवातीपासून विस्तारातल्या लोकांना महिना ८० तास कामाची अट लावली. पात्रतेची तपासणीही वर्षातून एकदाऐवजी दर सहा महिन्यांनी. ते कागद कोण तपासणार, तर तोच केसवर्कर.

सिनेटर थॉम टिलिस यांचे वागणे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. ते रिपब्लिकन, ट्रम्प यांच्याच पक्षाचे. २०१३ मध्ये राज्याने मेडिकेडचा विस्तार नाकारला तेव्हा राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती तेच होते. त्याच टिलिस यांनी २०२५ मध्ये सिनेटमध्ये उभे राहून, आपल्या राज्यातल्या ६ लाख ६३ हजार लोकांना मी काय सांगू, असा प्रश्न केला, विधेयकाविरुद्ध मत दिले आणि पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. सिनेटमध्ये ५०-५० झाले, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने विधेयक तरले. कधीकाळी राज्याचा अर्थसंकल्प ज्याने हाताळला आहे, त्याला हा भार कुठे जाऊन पडणार ते लगेच दिसते.

समर्थकांचे म्हणणे

ते उडवून लावण्यासारखे नाही. मदतीची सगळी रक्कम केंद्राची असेल, तर ती काटेकोरपणे वाटण्यात राज्याचा काय स्वार्थ? आयजीच्या जिवावर बायजी उदार. देशात वर्षाला नव्वद अब्ज डॉलरहून जास्त रक्कम या योजनेतून जाते. तिच्या ११ टक्के चुकीची म्हणजे दहा अब्जांच्या आसपास. एखाद्या खासगी बँकेत इतकी चूक झाली तर टाळे लागेल. साउथ डकोटासारखे राज्य २०२४ मध्ये ३.२८ टक्क्यांवर राहू शकते, तर इतरांना का जमू नये? राज्याचा पैसा गुंतला की राज्य लक्ष घालील, हा युक्तिवाद तर्काला धरून आहे.

अडचण अशी की कायद्याची रचना या तर्काला धरून नाही. चूक कमी करायची तर प्रशिक्षण, तपासनीस, चांगला संगणक लागतो, म्हणजे प्रशासकीय खर्च, आणि आधी कापला तोच. शिवाय चुकीचे प्रमाण १३.३४ टक्के किंवा त्यावर असेल, तर राज्याला दोन वर्षांपर्यंत सवलत! २०२४ चे आकडे धरले, तर अलास्कासारखे २४.६६ टक्के चुकीचे राज्य सवलतीत बसते आणि १०.२१ वाले नॉर्थ कॅरोलायना पूर्ण १५ टक्क्यांच्या पट्ट्यात. विधेयकाला सिनेटमध्ये अलास्काच्या मताची गरज होती. बाकी समजून घ्यावे.

कोणत्या वर्षाची चूक धरायची, हाही मासला पाहण्यासारखा. पहिल्या वर्षासाठी राज्याने २०२५ किंवा २०२६ यातला आपल्याला सोयीचा आकडा निवडायचा. केंद्राचे २०२५ चे वर्ष संपते ३० सप्टेंबरला. कायद्यावर सही झाली ४ जुलैला. म्हणजे त्या वर्षाचे नऊ महिने नियम माहीत नसतानाच सरून गेले होते. त्यापुढे तीन वर्षांपूर्वीचा आकडा लागू. आज कचेरी कितीही सुधारली, तरी फळ मिळणार तीन वर्षांनी. तोवर जुन्या चुकीचे बिल भरत राहायचे.

राज्यापुढचे रस्ते

४२ कोटी डॉलर राज्याच्या एकूण खर्चात दीड टक्क्याहून कमी. आणता आले असते. पण २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे विधिमंडळ नवा अर्थसंकल्पच मंजूर करू शकले नाही. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन बहुमत, भांडण प्राप्तिकर किती झपाट्याने कमी करायचा यावर. दर ४.२५ वरून २०२६ मध्ये ३.९९ टक्के झालाच. त्यातच मेडिकेडला पुरेसा निधी न मिळाल्याने १ ऑक्टोबर २०२५ पासून डॉक्टर-रुग्णालयांचे दर ३ ते १० टक्क्यांनी कापावे लागले; बोंबाबोंब झाल्यावर डिसेंबरमध्ये ती कपात मागे घेतली. पश्चिमेकडच्या डोंगरी काउंट्या सप्टेंबर २०२४ च्या हेलीन चक्रीवादळातून अजून सावरत होत्या. राज्याने नुकसानीचा अंदाज केला होता जवळपास ६० अब्ज डॉलर. केंद्र मुदत वाढवून शंभर टक्के भरपाई देत राहील ही गव्हर्नर जोश स्टाइन यांची विनंती वॉशिंग्टनने फेटाळली होती. अशा राज्याला दरवर्षी ४२ कोटी कुठून काढशील, असे विचारणे आहे.

पैसा काढायचा नसेल तर लाभार्थी कमी करायचे. उत्पन्नाची मर्यादा खाली आणणे हा उघड मार्ग. त्याला विधिमंडळात मतदान लागते, वर्तमानपत्रांत बातमी येते. पण एक आडमार्ग आहे, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याची वाटते. १०.२१ हा आकडा फक्त चालू प्रकरणांवरून काढतात, म्हणजे ज्यांना मदत मिळते आहे त्यांच्यावरून. पात्र माणसाचा अर्ज चुकून नाकारला, तर ती चूक वेगळ्या आकड्यात जाते. त्या दुसऱ्या आकड्यावर राज्याचा एक डॉलरही लटकलेला नाही. ५९ डॉलर जास्त दिले तर राज्याच्या नावावर डाग, पण ३०८ डॉलरचा हक्क असलेल्या कुटुंबाला हात हलवत परत पाठवले तर हिशोबात सगळे आलबेल.

अशी रचना असली की कचेरीतला माणूस दुष्ट असावा लागत नाही. शंका आली की आणखी एक कागद मागायचा. मालकाचे पत्र आणा. गेल्या महिन्याची भाड्याची पावती आणा. दहा दिवसांत आणली नाही तर अर्ज निकाली. ज्यांचे कामाचे तास दर आठवड्याला बदलतात, ज्यांना तीन ठिकाणी काम करावे लागते, त्यांचीच प्रकरणे चुकीला जास्त वाव देणारी. साहजिकच कागदांचा मारा त्यांच्यावर. निवृत्त माणसाचे ठरलेले पेन्शन असते, तिथे चूक होत नाही. त्यामुळे कामाला प्रोत्साहन म्हणून गाजावाजा केलेला कायदा कचेरीत मात्र काम करणाऱ्या माणसालाच जोखमीचा ठरवतो. लाभार्थींची संख्या खाली येईल, वॉशिंग्टनमध्ये ते यश म्हणून दाखवले जाईल. रॅलीच्या फूड बँकेपुढे रांग वाढेल, तिची नोंद कुठल्याच सरकारी तक्त्यात नसेल.

आपल्याकडेही हे डावपेच अनोळखी नाहीत. मनरेगात अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राचा होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी जो नवा कायदा आणला, त्यात बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० केली. महाराष्ट्र तर १९७७ च्या स्वतःच्या कायद्याने रोजगार हमी चालवणारे राज्य. इथे प्रशासनाला हे काम नवे नाही. तरी ४० टक्के राज्याने भरायचे म्हटल्यावर मंत्रालयात पहिला प्रश्न मागणी किती येते यापेक्षा मागणी किती नोंदवायची हा होणार, अशी शंका घ्यायला जागा आहे. फरक एकच. आपल्याकडे भार राज्यापाशी थांबतो. ग्रामपंचायतीला घरपट्टी वाढवून मजुरी द्या असे अजून कोणी सांगितलेले नाही.

बिल कोणाच्या नावे

नॉर्थ कॅरोलायनात नेमके तेच होऊ घातले आहे. प्रशासकीय वाट्याचे तर ठरलेलेच. काउंट्यांचे २०२६-२७ चे वर्ष १ जुलैला सुरू, नवा दर १ ऑक्टोबरपासून; म्हणजे पहिले तीन महिने निम्मा वाटा, उरलेले नऊ महिने पाऊण. वरच्या नमुन्यातल्या काउंटीला पहिल्या वर्षी पावणेचार लाख जास्तीचे, दुसऱ्या वर्षापासून पूर्ण पाच लाख. ते कुठून आणायचे याची उत्तरे प्रत्येक काउंटी व्यवस्थापक वसंत ऋतूत शोधतो: रिकामी पदे भरायची नाहीत, वाचनालयाचे तास कमी करायचे, शेरीफच्या गाड्या आणखी एक वर्ष ओढायच्या. रिकामी पदे सामाजिक सेवा विभागातच सर्वांत जास्त असतात, त्यामुळे पहिली कुऱ्हाड तिथेच पडण्याचा धोका. आणि तिथे माणूस कमी झाला की चुकीचे प्रमाण वाढते.

मदतीच्या रकमेतले १५ टक्के मात्र केंद्रीय कायद्याने राज्याच्या नावे लावले आहेत, काउंटीच्या नव्हे. विधिमंडळाने ठरवले तर ते स्वतः भरील. ठरवले तर ज्या काउंटीत चूक झाली तिच्याकडून वसूल करील. त्याला आधार शोधायला फार लांब जावे लागणार नाही: मेडिकेडमध्ये चुकीच्या मंजुरीची आर्थिक जबाबदारी काउंटीवर टाकणारे कलम राज्याच्या कायद्यात आधीपासून आहे. अन्नसाहाय्यासाठी तसेच कलम आणले, तर २.१५ ऐवजी २ ने गुणणाऱ्या कारकुनाचे बिल शेवटी त्याच काउंटीतल्या घरमालकांकडे जाईल. आणि ज्या काउंटीत असे अर्ज सर्वाधिक येतात, तिथल्या घरांच्या किमती राज्यात सर्वांत कमी आहेत.